एसपीएसएसमध्ये नको असताना उघडणाऱ्या विंडो : त्या कुठून येतात आणि कशा आवरायच्या

एसपीएसएस या सांख्यिकी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीची एक फाइल उघडावी आणि पडद्यावर दोन-तीन विंडो येऊन उभ्या राहाव्यात, हा अनुभव हे सॉफ्टवेअर नव्याने शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला येतो. प्रबंधासाठी जमवलेल्या प्रश्नावल्या घेऊन पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेला विद्यार्थी त्यामुळे गोंधळतो आणि बहुधा दिसेल त्या विंडोच्या फुलीवर टिचकी मारून मोकळा होतो. माझा आग्रह असा आहे की फुलीपाशी जाण्याआधी ती विंडो कोणत्या आदेशामुळे उघडली हे ओळखावे. एसपीएसएस आपणहून विंडो उघडत नाही. प्रत्येक विंडोमागे आपण दिलेला एखादा आदेश किंवा कोणीतरी आधी करून ठेवलेली एखादी मांडणी (सेटिंग) असते. शिवाय या प्रश्नाला पडद्यावरच्या गर्दीपेक्षा गंभीर बाजू आहे : माहितीच्या अनेक विंडो उघड्या असताना विश्लेषण चुकीच्या माहितीवर होऊ शकते, आणि तसे झाले तरी सॉफ्टवेअर कसलीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

पुढील सर्व पायऱ्या स्वतः करून पाहता याव्यात म्हणून एसपीएसएससोबतच मिळणारी ‘एम्प्लॉयी डेटा’ ही सरावाची फाइल वापरावी. सॉफ्टवेअर ज्या फोल्डरमध्ये बसवलेले असते त्यातील ‘सॅम्पल्स’ या उपफोल्डरमध्ये ती असते. तिच्यात 474 कर्मचाऱ्यांची नोंद आहे, त्यांपैकी 258 पुरुष आणि 216 स्त्रिया आहेत. हे आकडे लक्षात ठेवावेत. आपण कोणत्या विंडोत आहोत हे तपासताना ते उपयोगी पडतील.

समोर असलेली विंडो ओळखणे

नेहमीच्या कामात तीन प्रकारच्या विंडो भेटतात. माहिती ज्या ओळी-स्तंभांत दिसते ती डेटा एडिटर. तिची फाइल एसएव्ही या विस्ताराने जतन होते. तक्ते आणि आलेख ज्या विंडोत उमटतात ती व्ह्यूअर, म्हणजे आपण बोलताना जिला आउटपुट म्हणतो ती. तिचा विस्तार एसपीव्ही. आदेश लिहिण्याची विंडो म्हणजे सिंटॅक्स एडिटर आणि तिचा विस्तार एसपीएस. डेटा एडिटरच्या तळाशी असलेले ‘डेटा व्ह्यू’ आणि ‘व्हेरिएबल व्ह्यू’ हे दोन टॅब एकाच विंडोच्या दोन बाजू आहेत, त्या वेगवेगळ्या विंडो नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता डेटा एडिटरची शीर्षकपट्टी नीट वाचावी. तेथे आधी फाइलचे नाव असते आणि त्यानंतर चौकटी कंसात ‘डेटासेट1’, ‘डेटासेट2’ असे नाव असते. ही दोन नावे वेगळी आहेत. पहिले डिस्कवरील फाइलचे नाव, तर दुसरे एसपीएसएसने चालू सत्रापुरते त्या माहितीला दिलेले नाव. फाइलच्या नावाच्या जागी ‘अनटायटल्ड’ असा शब्द असेल, तर ती माहिती अजून कोठेही जतन झालेली नाही. नावाआधी तारका दिसत असेल, तर शेवटच्या जतनानंतर तिच्यात बदल झालेले आहेत. शीर्षकपट्टीतील चिन्हावर अधिकचे छोटे चिन्ह दिसले, तर तो डेटासेट, म्हणजे त्या विंडोतील माहिती, सध्या ‘सक्रिय’ आहे आणि विश्लेषण तिच्यावरच होईल. या खुणा वाचण्याची सवय लागली की बराचसा गोंधळ तेथेच ओसरतो.

उघड्या असलेल्या सर्व विंडोंची यादी ‘विंडो’ मेनूच्या तळाशी मिळते. टास्कबारवर दुमडून बसलेल्या विंडोही त्या यादीत दिसतात. काही बंद करण्याआधी ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. एखादी विंडो पडद्यावर दिसत असूनही या यादीत नसेल, तर एसपीएसएसची दोन स्वतंत्र सत्रे चालू आहेत असे समजावे. प्रत्येक सत्राची यादी वेगळी असते आणि एका सत्रातील डेटासेट दुसऱ्या सत्राला दिसत नाही.

फाइल उघडताच आउटपुट विंडो का येते

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कोणतेही विश्लेषण केलेले नाही, फक्त फाइल उघडली आहे, तरीही व्ह्यूअर समोर येतो आणि त्यात इंग्रजीतील एक-दोन ओळी दिसतात. कारण असे की आपण मेनूतून जे काही करतो, त्याचे एसपीएसएस आतल्या आत आदेशात रूपांतर करते, आणि असा प्रत्येक आदेश व्ह्यूअरमध्ये ‘लॉग’ म्हणून लिहून ठेवण्याची मांडणी चालू असते. फाइल उघडणे हाही एक आदेशच आहे. तो लिहायला जागा हवी, म्हणून व्ह्यूअर उघडतो.

हे थांबवायचे असल्यास ‘एडिट’ मेनूतील ‘ऑप्शन्स’ उघडावे, ‘व्ह्यूअर’ या टॅबवर जावे, खालच्या भागातील ‘डिस्प्ले कमांड्स इन द लॉग’ या पर्यायाची खूण काढावी आणि ‘ओके’ दाबावे. एसपीएसएस बंद करून पुन्हा सुरू करावे आणि एम्प्लॉयी डेटा उघडून पाहावा. आता केवळ डेटा एडिटर येईल. फाइल उघडताना एखादा इशारा द्यायचा असेल तर मात्र व्ह्यूअर तरीही उघडेल, आणि ते योग्यच आहे. तो इशारा वाचलाच पाहिजे.

उपाय सांगितला असला तरी प्रबंधाचे काम करणाऱ्यांनी तो करू नये असे माझे मत आहे. लॉगमधील त्या ओळी म्हणजे आपण काय केले याची तारीखवार नसली तरी क्रमवार नोंद असते. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘हा तक्ता कोणत्या फाइलवरून काढला?’ असे विचारले, की उत्तर त्या ओळींतच सापडते. खूण काढायचीच असेल, तर ‘ऑप्शन्स’मधील ‘फाइल लोकेशन्स’ या टॅबवर जर्नल चालू आहे याची खात्री करून घ्यावी आणि जुन्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत यासाठी तेथे ‘अपेंड’ हा पर्याय निवडावा. जर्नल ही आदेशांची नोंद ठेवणारी वेगळी फाइल आहे आणि ती कोणतीही विंडो न उघडता लिहिली जाते.

विश्लेषण संपल्यावर व्ह्यूअर दरवेळी इतर विंडोंच्या पुढे येतो, ही तक्रार याहून वेगळी आहे. ‘ऑप्शन्स’च्या ‘जनरल’ टॅबवर ‘रेझ व्ह्यूअर विंडो’ अशी खूण असते. ती काढली की तक्ते व्ह्यूअरमध्ये तयार होतात, पण विंडो पुढे येत नाही.

डेटासेटची संख्या वाढत का जाते

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण खरी चूक होण्याची शक्यता येथेच असते. चौदाव्या आवृत्तीपूर्वी एसपीएसएसमध्ये एका वेळी माहितीची एकच फाइल उघडी ठेवता येत असे. नवी उघडली की जुनी बंद होई. चौदाव्या आवृत्तीपासून अनेक डेटासेट एकाच वेळी उघडे ठेवण्याची सोय आली. दोन वर्षांची सर्वेक्षणे शेजारी-शेजारी ठेवून पाहणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र तेव्हापासून मेनूतून उघडलेली प्रत्येक नवी फाइल नव्या डेटा एडिटरमध्ये येते आणि जुनी विंडो तशीच राहते.

आपल्याला एका वेळी एकच फाइल लागत असेल, तर ‘एडिट’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ या मार्गाने जाऊन ‘ओपन ओन्ली वन डेटासेट ॲट अ टाइम’ या पर्यायावर खूण करावी. ती लगेच लागू होते, पण आधीपासून उघडे असलेले डेटासेट त्यामुळे बंद होत नाहीत. ते हाताने बंद करावे लागतात. दुसरे, ही मांडणी मेनू आणि संवादचौकटींतून उघडलेल्या फाइलींपुरतीच चालते. सिंटॅक्समधून उघडलेल्या फाइलींवर तिचा परिणाम होत नाही, कारण तेथे डेटासेटची नावे आणि त्यांचे उघडणे-मिटणे आदेशांनीच ठरते. नवशिक्यांना मी ही खूण करून ठेवायला सांगतो.

एक्सेलमधून माहिती आणताना हा पसारा विशेष वाढतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवताना अनेकदा पाहिले आहे. पहिल्या ओळीतील शीर्षके चलांची (म्हणजे एसपीएसएसमधील स्तंभांची) नावे म्हणून वाचायची राहून गेली, म्हणून फाइल पुन्हा आणली. मग एका स्तंभात आकड्यांऐवजी मजकूर आला, म्हणून एक्सेलमध्ये दुरुस्ती करून तिसऱ्यांदा आणली. प्रत्येक वेळी ‘अनटायटल्ड’ नावाची नवी विंडो तयार झाली आणि तिन्ही विंडो दिसायला हुबेहूब सारख्या. नंतर चलांना लेबले देण्याचे दोन तासांचे काम दुसऱ्या विंडोत झाले आणि जतन मात्र तिसरी झाली. यावर उपाय साधा आहे, पण तो शिस्तीने पाळावा लागतो : एक्सेलमधून माहिती नीट आली नाही असे दिसताच, पुन्हा आणण्याआधी ती सदोष विंडो जतन न करता बंद करावी, आणि नीट आली आहे असे दिसताच, पहिले काम म्हणून ‘सेव्ह ॲज’ करून तिला ओळखता येईल असे नाव द्यावे.

काही संवादचौकटीही आपल्याला नकळत नवा डेटासेट तयार करतात. ‘डेटा’ मेनूतील ‘सिलेक्ट केसेस’ हे त्याचे उत्तम उदाहरण. एम्प्लॉयी डेटा उघडून ही चौकट उघडावी, ‘इफ कंडिशन इज सॅटिस्फाइड’ निवडावे आणि जेंडर हे चल, बरोबरचे चिन्ह आणि अवतरणचिन्हांत इंग्रजी छोटे एफ अक्षर अशी अट लिहावी. खाली तीन पर्याय दिसतात. पहिल्याने निवडीबाहेरच्या नोंदी केवळ गाळल्या जातात. त्या फाइलमध्ये राहतात, त्यांच्या क्रमांकावर तिरपी रेघ येते आणि डेटा एडिटरच्या तळपट्टीत ‘फिल्टर ऑन’ असे दिसते. दुसऱ्या पर्यायाने निवडलेल्या नोंदींची प्रत नव्या डेटासेटमध्ये होते, म्हणजेच 216 ओळींची एक जादा विंडो तयार होते. तिसऱ्याने निवडीबाहेरच्या नोंदी सरळ पुसल्या जातात. आपल्याला केवळ स्त्री कर्मचाऱ्यांपुरते विश्लेषण करायचे असेल, तर पहिला पर्याय पुरेसा आहे. काम झाल्यावर याच चौकटीत ‘ऑल केसेस’ निवडून गाळणी काढायला तेवढे विसरू नये. जादा विंडो नको म्हणून तिसऱ्या पर्यायाकडे कोणीही वळू नये. त्यानंतर चुकून मूळ फाइलवरच जतन केले, तर 258 नोंदी कायमच्या जातात.

‘डेटा’ मेनूतील ‘ॲग्रिगेट’ या चौकटीतही असाच पर्याय आहे. नोकरीच्या प्रकारानुसार सरासरी काढताना ‘क्रिएट अ न्यू डेटासेट’ असे सुरू होणारा पर्याय निवडला गेला, तर केवळ तीन ओळींची नवी विंडो उघडते, कारण या फाइलमध्ये नोकरीचे प्रकार तीनच आहेत. तीन ओळींची ती विंडो पाहून आपली माहिती नाहीशी झाली असे वाटून घाबरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. माहिती जागेवरच असते. ‘विंडो’ मेनूतून मूळ फाइल निवडली की 474 ओळी पुन्हा समोर येतात. ‘डेटा’ मेनूतील ‘कॉपी डेटासेट’ मात्र नावाप्रमाणे दरवेळी नवी प्रत तयार करतो, तो चुकून दाबला गेला असेल तर ती प्रत बंद करावी.

विश्लेषण नेमके कोणत्या माहितीवर झाले, हे कसे तपासावे

मूळ फाइल आणि स्त्रियांपुरती काढलेली प्रत अशा दोन्ही विंडो उघड्या आहेत असे समजू. डेटा एडिटरच्या ज्या विंडोवर आपण टिचकी मारतो, तो डेटासेट सक्रिय होतो. त्यानंतर व्ह्यूअरमध्ये जाऊन तेथल्याच ‘ॲनालाइझ’ मेनूतून विश्लेषण सुरू केले, तर ते शेवटी सक्रिय असलेल्या डेटासेटवर होते, आणि त्या क्षणी डेटा एडिटर नजरेसमोर नसतो. सध्याच्या पगाराची सरासरी मूळ फाइलवर काढली तर 34,419.57 डॉलर येते. स्त्रियांच्या प्रतीवर काढली तर 26,031.92. सरावाच्या फाइलमध्ये हा फरक लगेच ध्यानात येईल. स्वतःच्या सर्वेक्षणात उत्तर आधी माहीत नसते, त्यामुळे तेथे शंकाही येणार नाही.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या तक्त्यासाठी पुढील तपासणी करावी. व्ह्यूअरच्या डाव्या बाजूला आराखड्याची पट्टी असते. प्रत्येक विश्लेषणाच्या शीर्षकाखाली ‘नोट्स’ नावाची एक नोंद असते आणि तिच्यापुढे मिटलेल्या पुस्तकाचे चिन्ह असते, कारण ती मुळात लपवलेली असते. त्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली की एक तक्ता उघडतो. त्यात फाइलचा पूर्ण मार्ग, सक्रिय डेटासेटचे नाव, गाळणी लागू होती का, नोंदींना कमी-जास्त महत्त्व देणारे भार (वेट) दिलेले होते का आणि एकूण किती ओळींवर काम झाले, हे सर्व लिहिलेले असते. ओळींची संख्या 474 ऐवजी 216 दिसली, तर तो तक्ता प्रबंधात घेऊ नये. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि माझ्या मते या लेखातील सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे.

सिंटॅक्स वापरत असल्यास त्या विंडोच्या वरच्या पट्टीत ‘ॲक्टिव्ह’ अशी एक यादी असते. आदेश चालवण्याआधी तिच्यात योग्य डेटासेट निवडलेला आहे हे पाहावे. त्याही आधी, डेटासेटना अर्थपूर्ण नावे द्यावीत : डेटा एडिटरच्या ‘फाइल’ मेनूत ‘रीनेम डेटासेट’ आहे, त्यातून ‘डेटासेट3’ऐवजी लक्षात राहील असे नाव देता येते. नावात मोकळी जागा सोडता येत नाही.

इतर काही जादा विंडो

विश्लेषणाच्या चौकटीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ असे बटण असते. ते दाबले गेले की विश्लेषण होत नाही. त्याचा आदेश सिंटॅक्सच्या विंडोत लिहिला जातो आणि ती विंडो समोर येते. तेथील आदेश निवडून हिरवा त्रिकोण दाबला की तो चालतो. नको असल्यास विंडो बंद करून पुन्हा चौकटीत जावे आणि ‘ओके’ दाबावे. एसपीएसएस सुरू होतानाच सिंटॅक्सची विंडो येत असेल, तर ‘जनरल’ टॅबवरील ‘ओपन सिंटॅक्स विंडो ॲट स्टार्टअप’ ही खूण काढावी. प्रयोगशाळेतील एकाच लॉगिनवर अनेक जण काम करत असतील, तर अशा मांडण्या आधीच्या वापरकर्त्याने केलेल्या असू शकतात, म्हणून बसल्याबरोबर त्या एकदा पाहून घ्याव्यात.

सुरुवातीला येणारी स्वागताची चौकट बंद करण्याची खूण तिच्याच तळाशी असते. आलेखावर दोनदा टिचकी मारली की चार्ट एडिटर उघडतो. तो उघडा असेपर्यंत व्ह्यूअरमधील मूळ आलेख करडा दिसतो आणि चार्ट एडिटर बंद केल्यावर बदलांसह परत येतो. तक्त्यांच्या बाबतीत मोठे तक्ते वेगळ्या विंडोत उघडू शकतात; ‘ऑप्शन्स’च्या ‘पिव्होट टेबल्स’ टॅबवर ‘डिफॉल्ट एडिटिंग मोड’ बदलून सर्व तक्ते व्ह्यूअरमध्येच संपादित करता येतात. डेटा एडिटर चार भागांत विभागलेला दिसला आणि प्रत्येक भागात तीच माहिती असली, तर त्या चार विंडो नव्हेत. ‘विंडो’ मेनूतील ‘स्प्लिट’ चालू झालेले आहे आणि ‘रिमूव्ह स्प्लिट’ने ते जाते.

बंद करण्याचा क्रम

आधी चार्ट एडिटर आणि तक्त्यांच्या विंडो बंद कराव्यात, म्हणजे त्यांतील बदल व्ह्यूअरमध्ये पोहोचतात. मग सिंटॅक्स आणि व्ह्यूअर, आणि त्यानंतर डेटा एडिटर एकेक करून. जतन करण्याविषयी विचारणा आली की सवयीने ‘येस’ किंवा ‘नो’ दाबू नये; शीर्षकपट्टीतील नाव आणि ओळींची संख्या पाहून मगच ठरवावे, कारण सारख्या दिसणाऱ्या विंडोंत चुकीची विंडो जतन होण्याचा किंवा योग्य विंडो टाकून दिली जाण्याचा क्षण हाच असतो. शेवटचा डेटा एडिटर बंद केला की संपूर्ण एसपीएसएस बंद होते, म्हणून काम चालू ठेवायचे असेल तर एक तरी डेटा एडिटर उघडा ठेवावा.

डेटासेट खूपच साचले असतील, तर सिंटॅक्समध्ये इंग्रजी अक्षरांत ‘डेटासेट क्लोज ऑल’ असा आदेश लिहून शेवटी टिंब द्यावे आणि तो चालवावा. सक्रिय डेटासेट वगळता बाकीचे सर्व एकदम बंद होतात. सक्रिय डेटासेट उघडा राहतो, त्याचे चौकटी कंसातील नाव मात्र जाते. हा आदेश चालवण्याआधी ‘विंडो’ मेनूतील यादीत तारका असलेली एकही कामाची फाइल उरलेली नाही ना, हे पाहून घ्यावे आणि असेल तर आधी ती जतन करावी.

शेवटी, दोन व्ह्यूअर उघडे असताना नवे तक्ते भलत्याच व्ह्यूअरमध्ये जात असतील, तर आपल्याला हव्या असलेल्या व्ह्यूअरमध्ये जाऊन ‘युटिलिटीज’ मेनूतील ‘डेझिग्नेट विंडो’ निवडावे. शीर्षकपट्टीवरील अधिकचे चिन्ह त्या विंडोवर सरकते आणि पुढचे सर्व तक्ते तिच्यात उमटू लागतात.